तरंगंबाडीचा झीगेनबाल्ग : दुसऱ्याचा धर्म समजून घेण्याचा एक प्रयत्न (१७०६–१७१९)



धर्मप्रचारासाठी लिहिलेले पुस्तक इतिहासाचे साधन म्हणून वापरावे का? हा प्रश्न वर्गात विचारला की दोन उत्तरे लगेच येतात. एक असे, की लेखकाचा हेतूच धर्मांतराचा होता, तेव्हा ते पुस्तक बाजूला ठेवा. दुसरे असे, की तो माणूस त्या काळी तिथे राहत होता, त्याने सगळे डोळ्यांनी पाहिले, तेव्हा लिहिले ते खरे माना. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात, कारण दोन्हींत पुस्तक उघडून वाचायची गरज पडत नाही. या पाठात आपण बरीच उदाहरणे घेणार नाही. एकाच माणसाचे उदाहरण घेऊ आणि ते नीट पाहू. माणसाचे नाव बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग, गाव तरंगंबाडी.

तरंगंबाडी हे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे, कावेरीच्या मुखप्रदेशातले छोटे बंदर. युरोपीय कागदपत्रांत त्याला ट्रांकेबार म्हणतात. १६२० साली डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीने तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून ही जागा मिळवली आणि तिथे डॅन्सबोर्ग हा किल्ला बांधला. जागेबद्दल तंजावरच्या राजाला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी लागे. पुढे नायकांचे राज्य गेले आणि १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी तंजावरच्या गादीवर आले. म्हणजे झीगेनबाल्ग तरंगंबाडीला उतरला तेव्हा गावाच्या वेशीबाहेरचा मुलूख मराठ्यांचा होता. गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजी होते, १७१२ नंतर त्यांचे भाऊ पहिले सरफोजी आले. मराठी वाचकाने हे ध्यानात ठेवावे. पुढे ज्या पोथ्यांचा आणि पत्रांचा उल्लेख येणार आहे त्या परक्या, दूरच्या राज्यातल्या नाहीत.

झीगेनबाल्गचा जन्म १६८२ सालचा, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातला. तो प्रोटेस्टंट पंथातल्या भक्तिप्रधान चळवळीत वाढला. या चळवळीचे मोठे केंद्र हाले येथे होते आणि ऑगस्ट हेर्मान फ्रांके हे तिथले प्रमुख गुरुजी. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला आपल्या वसाहतीत मिशनरी पाठवायचे होते. त्याने झीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्यूचाऊ या दोन जर्मन तरुणांना निवडले. ९ जुलै १७०६ रोजी दोघे तरंगंबाडीला पोचले. दुसऱ्या दिवशी झीगेनबाल्गला चोविसावे वर्ष पूर्ण झाले. तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा होता तो.

कंपनीला हे दोघे नकोच होते. व्यापारात धर्माची भांडणे आली की धंदा बसतो, हे व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक असते. शिवाय दोघांनाही स्थानिक भाषा येत नव्हती. त्यांनी काम वाटून घेतले. प्ल्यूचाऊने बंदरात चालणारी मिश्र पोर्तुगीज बोली शिकायची आणि झीगेनबाल्गने तमिळ. यासाठी झीगेनबाल्गने एका वृद्ध पंतोजींना आपली शाळा आपल्याच घरात भरवायला राजी केले आणि स्वतः मुलांच्या रांगेत जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवू लागला. आपल्याकडच्या जुन्या शाळांतली धूळपाटी आठवा, तीच पद्धत. जोडीला अलेप्पा नावाचा दुभाषी होता. तो कंपनीच्या नोकरीत पूर्वी राहिलेला आणि युरोपीय भाषा बोलणारा होता.

आता एक गैरसमज आधीच दूर करू. झीगेनबाल्गच्या लिखाणात जागोजागी ‘मलबारी’ लोक आणि ‘मलबारी’ भाषा असे शब्द येतात. ते वाचून केरळकडे जाऊ नका. त्या काळचे युरोपीय लोक तमिळ भाषेला आणि तमिळ लोकांना मलबारी म्हणत. मूळ साधने वाचताना अशा शब्दांनी विद्यार्थी हमखास फसतात.

पोथ्यांचा शोध

पहिली दोन वर्षे त्याने जवळजवळ वाचनातच घालवली. रोज सकाळी कित्येक तास तमिळ ग्रंथ, शेजारी वाचून दाखवणारा आणि ताडपत्रावर लिहून घेणारा. नक्कल करून घेता येईल त्याची नक्कल केली, विकत मिळेल ते विकत घेतले. माणसे पाठवून गावोगावच्या ब्राह्मण विधवांकडून, घरात पडून असलेल्या पोथ्या त्याने मिळवल्या. या खरेदीकडे आज आपण थोड्या अस्वस्थ मनानेच पाहतो. पोथीची किंमत विकणारीला कितपत ठाऊक होती? पण दुसरी बाजूही आहे. त्या पोथ्यांची नोंद झाली, आणि नोंद करणाऱ्याने त्या वाचल्या होत्या.

१७०८ साली त्याने आपल्या संग्रहाची यादी तयार केली. तिचे लॅटिन नाव ‘बिब्लिओथेका मलबारिका’, म्हणजे मलबारी ग्रंथालय. स्वतः केलेली ख्रिस्ती पुस्तके, कॅथलिक मिशनऱ्यांची तमिळ पुस्तके आणि काही मुसलमानी ग्रंथ वगळले तरी तमिळ लोकांचे स्वतःचे म्हणून ११९ ग्रंथ तिच्यात आहेत. तोल्काप्पियम् हे व्याकरण आहे, तिरुक्कुरळ् आहे, शैव स्तोत्रे आहेत, नीतीची छोटी पुस्तके आहेत. प्रत्येक ग्रंथापुढे तो कशाबद्दल आहे आणि लोक त्याला कसे मानतात हे दोन-चार ओळींत लिहिले आहे. त्याच वर्षी त्याने तीन नीतिग्रंथांचे जर्मन भाषांतर केले. त्यातला ‘कोन्रै वेंदन्’ हा अव्वैयार या कवयित्रीच्या नावावर सांगितला जातो आणि तमिळ मुले तो शाळेत पाठ करत असत. भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने एक कबुली दिली. इथे येताना आपण या लोकांना रानटी समजत होतो; भाषा शिकल्यावर आणि ग्रंथ वाचल्यावर त्यांचे जीवन नीतिनियमांनी चालणारे आहे हे आपल्याला कळले, असा तिचा आशय आहे. युरोपातल्या लोकांनीही आपली समजूत बदलावी अशी त्याची अपेक्षा होती.

इथे त्याचा हेतू बदलला असे समजू नका. हेतू शेवटपर्यंत तोच राहिला. त्याच्या हिशेबात तमिळ माणसाची सगळी नीती त्याला तारायला अपुरी होती, आणि तारणारा ख्रिस्त एकच. शिवाक्कियर या सिद्ध कवीची पदे त्याला फार आवडत, कारण त्यांत मूर्तिपूजेवर आणि जातीच्या अभिमानावर कडक टीका आहे. ती पदे तो वादात वापरत असे. ‘तुमचाच कवी काय म्हणतो पाहा’ हे त्याचे आवडते शस्त्र. आपल्याकडच्या संतांच्या वचनांचा मिशनऱ्यांनी पुढे असाच उपयोग केला, हे तुम्ही इतरत्र वाचाल.

प्रश्न पाठवून मागवलेली उत्तरे

माझ्या मते झीगेनबाल्गचे सगळ्यात महत्त्वाचे काम यानंतरचे आहे. १७१२ पासून त्याने आणि त्याचा सहकारी योहान एर्न्स्ट ग्र्युंडलर याने तमिळ लोकांना लेखी प्रश्न पाठवायला सुरुवात केली. देव किती मानता? पाप म्हणजे काय? मेल्यावर आत्म्याचे काय होते? विवाह कसे लावता, रोगावर औषध काय देता, विधवांना पुन्हा लग्न का करू देत नाही? आणि शेवटी, आमचा धर्म का स्वीकारत नाही? उत्तरे ताडपत्रावर आली. मिशनऱ्यांनी ती जर्मनमध्ये उतरवली आणि हालेला धाडली. १७१४ आणि १७१७ साली मिशनच्या छापील अहवालांतून अशी ९९ पत्रे प्रसिद्ध झाली. आजच्या भाषेत ही प्रश्नावली-पद्धत झाली. अठराव्या शतकाच्या आरंभी भारतीय माणसांनी स्वतःच्या धर्माबद्दल प्रश्नोत्तर-रूपाने दिलेली उत्तरे युरोपात छापली गेली, ही साधी गोष्ट नाही.

या उत्तरांत नुसती माहिती नाही, प्रतिवादही आहे. एकजण लिहितो तो आशय असा : तुमचे शास्त्र चांगले असेलही, पण आम्ही तुम्हाला गावात पाहतो ना. तुम्ही गाय मारून खाता, दारू पिता, घरातच थुंकता, शौचानंतर पाण्याचा वापर करत नाही. अशा माणसांचा धर्म पवित्र कसा मानावा? दुसरे कोणी विचारतात की देव सर्वांचा बाप असेल तर त्याने ही वार्ता आमच्या पूर्वजांपासून इतकी शतके लपवून का ठेवली? ते सगळे नरकात गेले काय? आणखी कोणी शांतपणे सांगतो की प्रत्येक देशाला देवाने त्याच्या त्याच्या रीतीचा मार्ग दिला आहे, सदाचाराने वागणारा कुठल्याही मार्गाने पोचतो.

मिशनऱ्यांनी ही टीका गाळली नाही, छापायला धाडली. तिच्या खाली खंडनपर टिपा मात्र जोडल्या. युरोपी ख्रिस्ती लोकांचे वर्तनच धर्मप्रचाराच्या आड येते हे झीगेनबाल्गला स्वतःलाही पटले होते, आणि किल्ल्यातल्या अधिकाऱ्यांशी त्याचे जमत नव्हते ते बव्हंशी यामुळेच. १७०८ च्या अखेरीस तिथल्या डॅनिश गव्हर्नराने त्याला सुमारे चार महिने कैदेत टाकले होते.

पण या पत्रांवर भाळून जाण्याआधी थांबा. प्रश्न कोणी ठरवले? मिशनऱ्यांनी. ‘पापाची क्षमा कशी होते’ असा प्रश्न आला की उत्तर देणाऱ्याला आपल्या परंपरेतून त्या साच्यात बसेल असे काहीतरी शोधावे लागते. त्याला स्वतःहून जे सांगावेसे वाटले असते, ते सांगायला जागा उरत नाही. उत्तर देणारे कोण होते? लिहिता येणारे लोक. तरंगंबाडीच्या ख्रिस्ती मंडळीत आलेल्यांत परैयर या अस्पृश्य मानलेल्या जातीचे लोक बरेच होते. त्यांच्या श्रद्धा त्यांच्याच शब्दांत या पत्रांतून कळत नाहीत. आणि अभ्यासकांचे असेही मत आहे की बरीचशी पत्रे त्या अलेप्पानेच लिहिली असावीत. तसे असेल तर ‘तमिळ समाजाचा आवाज’ म्हणून आपण जे वाचतो त्यातला मोठा भाग एका बहुश्रुत, मिशनऱ्यांना चांगले ओळखणाऱ्या माणसाचा आहे.

देवतांची वंशावळ आणि चार धर्मांचे जग

१७११ साली झीगेनबाल्गने तमिळ लोकांच्या धर्मावर एक मोठा ग्रंथ लिहून पुरा केला आणि १७१३ साली दुसरा. या दुसऱ्याचे नाव ‘मलबारी देवतांची वंशावळ’. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. आरंभी परापरवस्तू, म्हणजे निर्गुण परमतत्त्व. मग ब्रह्मा, विष्णू, शिव आणि त्यांचे परिवार. त्यानंतर ग्रामदेवता : अय्यनार, एल्लम्मा, मारियम्मा, अंकाळम्मा, पिडारी. शेवटी इतर देव, ऋषी आणि गण. त्या काळी युरोपी लेखक हिंदू देवतांबद्दल लिहीत तेव्हा दशावतारांच्या कथांवर थांबत. गावाच्या वेशीवरच्या देवीला काय वाहतात, तिची जत्रा कशी असते, देवीचा रोग आला की कोणाला साकडे घालतात, हे झीगेनबाल्गने टिपले. मारियम्माचे वर्णन वाचताना आपल्या खेड्यातली मरीआई डोळ्यांपुढे येते. तमिळ ग्रामदेवतांच्या अभ्यासकाला आजही हा ग्रंथ टाळता येत नाही.

त्याच्या डोक्यातली चौकट मात्र समजून घ्या, नाहीतर ग्रंथ चुकीचा वाचाल. त्याच्या काळच्या युरोपात जगातले सगळे लोक चार गटांत वाटलेले होते : ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान आणि उरलेले सगळे मूर्तिपूजक. १७११ च्या ग्रंथाची सुरुवात तो याच वाटणीने करतो. ‘जगातले प्रमुख धर्म’ म्हणून हिंदू, बौद्ध, जैन अशी जी यादी तुम्ही शाळेत शिकलात ती तेव्हा कोणाच्या मनात नव्हती. झीगेनबाल्ग आयुष्यभर त्याच चार खणांत विचार करत राहिला, पण त्याच्या चौथ्या खणात एवढी माहिती भरली की खण पुरेना. शैव आणि वैष्णव यांच्यात किती अंतर आहे, पंडिताचा देव आणि शेतकऱ्याचा देव वेगळे कसे, हे तो लिहीत गेला. खणाचे नाव त्याने बदलले नाही.

दुसरी चौकट धर्मशास्त्राची. मूळच्या विवेकबुद्धीने या लोकांना एक देव कळला होता. मग सैतानाने, कवींनी आणि ब्राह्मणांनी तो गोष्टींच्या गर्दीत हरवला, असे त्याचे म्हणणे. म्हणून परापरवस्तू सर्वात वर आणि बाकी सगळे क्रमाने खाली. ही उतरंड तमिळ ग्रंथांत काही प्रमाणात आहेच. पण वर म्हणजे शुद्ध आणि खाली म्हणजे भ्रष्ट हा अर्थ त्याने आणला. तिसरी मर्यादा साधनांची. वेद त्याने पाहिले नव्हते, फक्त त्यांच्याबद्दल ऐकले होते. त्याचे वाचन तमिळ आणि त्यातही शैव बाजूला झुकलेले.

तुम्ही प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर वापरला असेल. त्यात शून्य-त्रुटी निघाली तर आपण तो फेकत नाही. त्रुटी किती आणि कोणत्या बाजूला ते पाहतो आणि मापातून वजा करतो. झीगेनबाल्गची त्रुटी उघड आहे, त्याने ती लपवलेली नाही, आणि तिची दिशा ठरलेली आहे. म्हणून त्याचा ग्रंथ वापरता येतो. ज्याची त्रुटी कळतच नाही अशा ‘तटस्थ’ लेखकाची मला जास्त धास्ती वाटते. उपमा इथेच सोडतो, कारण माणूस म्हणजे कॅलिपर नाही आणि ही वजाबाकी आकड्यांची नाही.

हालेचा नकार

ग्रंथाची प्रत युरोपात पोचली. छापण्याचा अधिकार आणि पैसा फ्रांके यांच्या हाती होता. त्यांनी नकार दिला. मिशनऱ्यांना तिकडचे मूर्तिपूजन उखडून काढायला पाठवले आहे, त्यातले थोतांड युरोपात पसरवायला नाही, असा त्या नकाराचा आशय सांगितला जातो. १७१३ चा ग्रंथ विल्हेल्म गेर्मान यांनी मद्रासहून छापला तो १८६७ साली. १७११ चा ग्रंथ तर डच संस्कृत-पंडित विलेम कालांद यांच्यामुळे १९२६ साली बाहेर आला. एक १५४ वर्षे, दुसरा २१५ वर्षे पडून.

पत्रे छापायला हालेने हरकत घेतली नाही, मग ग्रंथालाच का घेतली? माझा तर्क असा. पत्रांना खाली मिशनऱ्यांच्या टिपा होत्या, वाद चालू होता, आणि वादात आपली बाजू जिंकते आहे असे वाचकाला दाखवता येत होते. देणगी देणाऱ्यांना असे अहवाल आवडत. ग्रंथात मात्र दुसऱ्याचा धर्म पानेच्या पाने त्याच्या अंगाने मांडला होता. त्यातून वाचकाच्या मनात काय उगवेल याची खात्री देता येत नव्हती. दुसऱ्याचा धर्म प्रचारासाठी समजून घ्यायचा, या योजनेतली अडचण फ्रांके यांनी अचूक ओळखली होती. नीट समजून घेतला की तो विचित्र वाटेनासा होतो, आणि मग घरच्यांना पटवणे कठीण जाते.

झीगेनबाल्गच्या बाजूने मात्र हा अभ्यास प्रचाराच्या आड येत नव्हता. इंग्लंडमधल्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीने छापखाना पाठवला, तमिळ अक्षरांचे खिळे हालेहून आले, आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून पुरा झाला. कागद कमी पडू लागला तेव्हा खिळे लहान पाडून घेतले. जवळच्या पोरैयारला कागदाची गिरणीही काढली. त्याच्या प्रार्थनांतले कितीतरी शब्द आधीच्या कॅथलिक तमिळ पुस्तकांतून आले होते, आणि त्यांतले काही, उदाहरणार्थ देवासाठी ‘सर्वेश्वरन्’, मुळात तमिळ लोकांच्याच धर्मभाषेतले. ग्रंथ वाचल्याशिवाय हे शब्द तोलून-मापून घेणे त्याला जमलेच नसते. रायतूरला १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ मराठी विद्यार्थ्याला माहीत असते, तिथेही हाच प्रश्न आला होता : परका देव कोणत्या घरगुती शब्दात सांगायचा? मदुरैला १६०६ साली आलेल्या रोबेर्तो दे नोबिली यांनी संन्याशाची वस्त्रेच घातली. झीगेनबाल्गने वेष बदलला नाही, पुस्तके गोळा केली.

त्याचे शेवटचे दिवस कष्टात गेले. कोपनहेगनमधल्या मिशन-मंडळाच्या चिटणिसाला छापखाना, शाळा, इमारती हा सगळा खर्च फाजील वाटत होता. मिशनऱ्याने गरिबीत हिंडून उपदेश करावा, बस्स. तशी कडक पत्रे आली. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, झीगेनबाल्ग तरंगंबाडीतच वारला.

या मिशनचा पुढचा धागा तंजावरच्या मराठी दरबारात जातो. १७५० साली तरंगंबाडीला आलेले ख्रिस्तियन फ्रीड्रिश श्वार्ट्झ तमिळबरोबर मराठीही शिकले, तंजावरला राहिले आणि लहानपणीच्या दुसऱ्या सरफोजींचे पालक झाले. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. मात्र १७९८ साली श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी इंग्लंडमधले शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. पोथ्या जमवणे, त्यांच्या याद्या करणे हा व्यासंग सरस्वती महालात सरफोजींनी केवढा वाढवला हे तुम्ही जाणताच. तो त्यांना या गुरूकडूनच मिळाला असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्या ग्रंथालयाची परंपरा नायकांच्या काळापासूनची आहे.

आता पुन्हा त्या ९९ पत्रांकडे या. वर्गात ती वाचायची झाली तर एक अडचण येते. ताडपत्रावर आलेली तमिळ उत्तरे आपल्या हाती नाहीत. जे आहे ते झीगेनबाल्ग आणि ग्र्युंडलर यांनी केलेले जर्मन भाषांतर, आणि १७१७ पासून निघालेली त्याची इंग्रजी रूपे. तरंगंबाडीच्या परिसरातल्या एका माणसाने ‘तुम्ही घरात थुंकता’ असे लिहिले तेव्हा त्याने कोणता तमिळ शब्द वापरला, तो रागाने लिहीत होता की हसत, हे त्या जर्मन वाक्यावरून ठरवता येत नाही. पुढच्या तासाला येताना या पत्रांपैकी कोणतेही एक वाचून या आणि त्यातली कोणती ओळ उत्तर देणाऱ्याची वाटते, कोणती भाषांतरकाराची, त्यावर पेन्सिलीने खूण करा.